गाजर गवताची बाधा : कातडीच्या आत आरंभी काय घडते

आषाढाच्या सरी पडू लागल्या की गावाबाहेरची पडीक जमीन, रस्त्यांच्या कडा, शाळेचे आवार आणि पिकांचे बांध गाजर गवताने भरून जातात. फुलावर येण्यापूर्वी ते मुळासकट उपटावे, हा सल्ला आता सर्वत्र पोहोचला आहे व पुष्कळ गावांतून त्यासाठी श्रमदानही होते. अशा वेळी गावपातळीवरील कार्यकर्त्यास दोन प्रकारची माणसे हमखास भेटतात. एक म्हणतो, "दहा वर्षे हे गवत नुसत्या हातांनी उपटतो आहे. मला कधी काही झाले नाही. हातमोजे कशाला?" दुसरा म्हणतो, "मीही असेच म्हणत होतो. गेल्या सालापर्यंत काही नव्हते. आता त्या बांधावरून नुसता गेलो तरी पापण्या सुजतात."

दोघेही खरेच बोलत असतात. परंतु पहिल्याचे बोलणे लोकांना अधिक पटते, कारण त्याचे हात स्वच्छ दिसतात. मग त्याच्यामागून पाच-पंचवीस माणसे, आणि त्यांत कधी शाळेतील मुलेही, उघड्या हातांनी गवतात उतरतात. त्यांच्यापैकी एखाद्यास पुढे जो त्रास जडतो तो बहुधा जन्मभर पुरतो आणि त्याला शेतावर जाणेही कठीण होऊन बसते. हे टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी कार्यकर्त्यास एक गोष्ट नीट उमगलेली असली पाहिजे. ही बाधा अंगावर दिसू लागते त्याच्या पुष्कळ अगोदर ती शरीरात तयार झालेली असते, आणि ती तयार होत असताना माणसास काहीही कळत नाही.

गवत व त्यातील द्रव्य

गाजर गवत मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले, मेक्सिकोच्या आखाताभोवतालचे. सूर्यफूल, शेवंती व झेंडू ज्या कुलात मोडतात त्याच कुलातील हे झाड आहे. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली असतात म्हणून गाजर गवत. बारीक पांढऱ्या फुलांमुळे कोठे त्यास चटकचांदणी म्हणतात, तर कोठे काँग्रेस गवत. भारतात त्याच्या प्रसाराची शास्त्रीय नोंद पुण्याहून १९५६ मध्ये झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. चांगले पोसलेले एक झाड १५ ते २५ हजार बी देते. त्यामुळे काही दशकांत ते देशभर पसरले यात नवल नाही. पुण्याच्या परिसरात ते माजल्यावर तेथील त्वचारोगतज्ज्ञांकडे चेहरा, मान व हात यांवर इसब उठलेले रोगी येऊ लागले. लोणकर व त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात लिहिलेल्या लेखांमुळे हे गवत व हे इसब यांचा संबंध वैद्यकीय जगास ठाऊक झाला.

या झाडाच्या पानांवर व खोडावर बारीक लव असते. तीत पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य साठलेले असते. झाड ओले असताना रस हातास लागतो. झाड वाळले की लवीचे केस सहज तुटतात व धुळीबरोबर वाऱ्यावर उडतात. म्हणून गवतास हात न लावणाऱ्यासही बाधा होऊ शकते, आणि वाळलेले गवत निरुपद्रवी झाले असे मानणे चुकीचे आहे.

पार्थेनिनच्या अंगी दोन गुण असे आहेत की ज्यांमुळे पुढील सर्व प्रकार घडतो. पहिला गुण त्याच्या लहानपणाचा. त्याचा रेणुभार २६२ आहे. निरोगी कातडीचा वरचा राठ थर साधारणपणे ५०० पेक्षा अधिक रेणुभाराच्या पदार्थास आत येऊ देत नाही. पार्थेनिन मात्र सहज आत शिरते. दुसरा गुण म्हणजे प्रथिनांस चिकटण्याची त्याची ओढ. प्रथिनांच्या साखळीत गंधकयुक्त घटक असतात. पार्थेनिनच्या रेणूचे एक टोक त्यांना पक्के जोडले जाते, आणि एकदा जोडले गेले म्हणजे ते धुऊन निघत नाही. नुसते पार्थेनिन इतके लहान आहे की शरीराच्या संरक्षक पेशींच्या ते लक्षातही आले नसते. परंतु ते शरीराच्याच प्रथिनास चिकटले की ते प्रथिन परके भासू लागते. अशी लहान रसायने कातडीत बाधा निर्माण करू शकतात, हे लँडस्टायनर व जेकब्स यांनी १९३५ मध्ये गिनीपिग या प्राण्यावर प्रयोग करून दाखविले होते.

चटका आणि बाधा यांतील भेद

खाजकुइलीची कुसे अंगास लागली की कोणीही माणूस तत्काळ खाजवू लागतो. काजूच्या टरफलातील तेलाने किंवा बिब्ब्याने कातडी पोळते, तीही पहिल्याच वेळी आणि बहुतेक सर्वांचीच. हा त्या पदार्थाचा सरळ चटका होय. त्यास शरीराच्या आठवणीची गरज नसते. जेवढे तेल तेवढा चटका, असा साधा हिशेब असतो.

गाजर गवताच्या इसबाचे तसे नाही. पहिल्या स्पर्शास बहुधा काहीच होत नाही. शंभर माणसांनी गवत उपटले तर शंभरांनाही होत नाही. आणि ज्यास होते त्यास पुढे कणभर धूळही पुरते. यासच संपर्कजन्य ॲलर्जी म्हणतात. (बिब्ब्याचा प्रकार दुहेरी आहे. त्याचे तेल पोळते, आणि काही लोकांस त्याची अशी बाधाही जडते. धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या शाईने खुणा करीत, त्या खुणेच्या जागी काहींच्या मानेवर वा कमरेवर पुरळ उठत असे. पोळण्याइतके तेल त्या खुणेत नसते.)

कातडीतील पहारा

कातडीचा वरचा भाग, म्हणजे बाह्यत्वचा, हा सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. पापणीवर तो याहून पुष्कळ पातळ, तर तळहातावर पुष्कळ जाड असतो. हातांनी गवत उपटणाऱ्याच्या तळहातापेक्षा पापण्या व मान यांवरच रोग अधिक दिसतो, त्याचे एक कारण हे आहे. बाह्यत्वचेतील बहुतेक पेशी विटांसारख्या एकमेकींस लागून असतात. त्यांच्या फटींतून, शेकडा दोन ते चार या प्रमाणात, फांद्या फुटलेल्या निराळ्याच पेशी पसरलेल्या असतात. बर्लिनमध्ये वैद्यक शिकणाऱ्या पाउल लँगरहान्स या विद्यार्थ्याने त्या १८६८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, प्रथम पाहिल्या. त्यांच्या फांद्या पाहून त्या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात असे त्यास वाटले. तो समज पुढे शंभर वर्षांच्या आसपास टिकला. त्या संरक्षणदलातील पेशी आहेत हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. त्यांच्याच जातीच्या पेशी शरीरात अन्यत्रही आहेत हे १९७३ मध्ये दाखविणाऱ्या राल्फ स्टाइनमन यांना त्याबद्दल २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जुन्या गावगाड्यात जागल्या असे. रात्री गावात परका मनुष्य दिसला तर त्यास हटकणे, आणि संशय आला तर चावडीवर वर्दी देणे हे त्याचे काम. शिक्षा करणे हे त्याचे काम नव्हे. लँगरहान्स पेशींचे काम पुष्कळसे असेच आहे. त्या आपल्या फांद्या पेशीपेशींमधून सतत फिरवीत असतात, जे सापडेल ते आत ओढून घेतात व तपासतात. कातडीच्या खालच्या थरात, म्हणजे अंतस्त्वचेत, त्यांच्या भाईबंद असलेल्या आणखी काही पेशी असतात व त्याही हेच काम करतात.

पहिल्या काही तासांत

समजा, श्रावणातील एका सकाळी एक माणूस बांधावरील गवत उपटीत आहे. हात घामाने ओले, मनगटावर काट्यांचे ओरखडे, आणि चुरडलेल्या पानांचा रस त्यावर चोळला जात आहे. पार्थेनिन बाह्यत्वचेत उतरते व तेथील प्रथिनांस चिकटते. या धक्क्याने बाह्यत्वचेच्या साध्या पेशी विचलित होतात आणि संदेशद्रव्ये सोडतात. इंटरल्यूकिन-१ व टीएनएफ ही त्यांतील प्रमुख होत. त्यांचा अर्थ एवढाच की येथे काही तरी बिघडले आहे.

हा बिघाडाचा संदेश फार महत्त्वाचा आहे. परके प्रथिन दिसले पण बिघाड दिसला नाही, तर पहारेकरी पेशी ते प्रकरण बहुधा तसेच सोडून देतात. कधी कधी तर "यास त्रास देऊ नये" अशीच वर्दी पोहोचते व शरीर त्या पदार्थास सोसू लागते. परके प्रथिन आणि बिघाड ही दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी दिसली म्हणजे गोष्ट निराळी होते. ओरखडे, घामाने भिजलेली कातडी, साबणाने किंवा सिमेंटने फुटलेले हात, अगोदरच असलेले इसब, ही सर्व बिघाडाच्या बाजूने भर घालतात. त्याशिवाय तुटलेल्या कातडीतून द्रव्यही अधिक आत जाते. शेतकऱ्याचे हात वर्षातून फार थोडे दिवस निर्दोष असतात, हे येथे लक्षात घ्यावे.

संदेश मिळताच लँगरहान्स पेशी आपले वर्तन बदलते. शेजारच्या पेशींस धरून ठेवणारी तिची पकड सैल होते. ती फांद्या आखडते, बाह्यत्वचेच्या तळाचा पडदा विरघळवून वाट करते व अंतस्त्वचेत उतरते. तेथे लसीकावाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात. जवळच्या लसीकाग्रंथीकडे ओढणाऱ्या एका रसायनाचा माग काढीत ती त्या नळीत शिरते. वाटेतच तिने गिळलेल्या प्रथिनाचे तुकडे केलेले असतात आणि पार्थेनिन चिकटलेले तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडलेले असतात. आता ती नवे काही गिळीत नाही. मिळालेला पुरावा दाखविणे एवढेच काम तिच्याकडे उरते.

बाहेरून पाहता या साऱ्या काळात हातावर फार तर किंचित लाली, तीही ओरखड्याची. माणूस विहिरीवर हात धुतो, जेवतो, आणि दुसऱ्या दिवशी कामास जातो.

ग्रंथीतील काम

पायास जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे खेड्यात सर्वांस ठाऊक आहे. हाताची जखम असेल तर काखेत गाठ येते. त्या गाठी म्हणजेच लसीकाग्रंथी होत. कातडीच्या प्रत्येक भागाची वर्दी ठरलेल्या ग्रंथीकडे जाते. उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसते की अंतस्त्वचेतील पहारेकरी सुमारे एका दिवसात ग्रंथीत पोहोचतात, आणि बाह्यत्वचेतील लँगरहान्स पेशी त्यानंतर दोन-तीन दिवसांनी.

ग्रंथीत टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींची सतत ये-जा चाललेली असते. यांतील प्रत्येक पेशी एका ठराविक आकारासच ओळखते. दुसरे काही समोर आले तर ती पुढे निघून जाते. पार्थेनिन चिकटलेल्या तुकड्यास ओळखणारी पेशी काही लाखांत एखादी असते. म्हणून पुरावा घेऊन आलेली पेशी ग्रंथीत ठाण मांडून बसते व हजारो टी-पेशी तिला चाचपून पुढे जातात. जुळणारी पेशी सापडली, आणि पुराव्याबरोबर बिघाडाचीही खूण दिसली, तर ती टी-पेशी थांबते, फुगते व विभागू लागते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असे होत काही दिवसांत तिची संतती हजारोंवर जाते. प्रबळ द्रव्य असेल तर या सर्वास माणसात साधारणपणे १० ते १५ दिवस लागतात.

या संततीपैकी बहुतेक पेशी पुढे मरतात. काही उरतात आणि वर्षानुवर्षे जगतात. त्यांच्या अंगावर कातडीकडे परत जाण्याची खूण उमटलेली असते. त्यांच्यापैकी काही रक्तातून फिरतात, काही कातडीतच मुक्काम करतात. आणि त्या फक्त मनगटाकडेच जातात असे नाही. सर्वांगाच्या कातडीत त्यांचा संचार असतो. बाधा मनगटावर तयार झाली तरी इसब पापणीवर उठते ते यामुळे.

या मुक्या काळाचा पुरावा कसा मिळाला, असे कोणी विचारील. लँडस्टायनर व चेस यांनी १९४२ मध्ये बाधित गिनीपिगच्या शरीरातील पेशी काढून निरोगी गिनीपिगला टोचल्या. तोही बाधित झाला. नुसत्या रक्तद्रवाने तसे झाले नाही. म्हणजे आठवण पेशींत होती. आजही एखादे नवे रसायन अशी बाधा निर्माण करील काय, हे पाहण्याची एक रीत अशी आहे की ते उंदराच्या कानावर लागोपाठ तीन दिवस लावतात आणि नंतर कानाजवळच्या ग्रंथीतील पेशी किती वाढल्या ते मोजतात. कानावर पुरळ उठण्याची वाट पाहावी लागत नाही.

पहारेकरी पेशींविषयी सर्व काही निश्चित झाले आहे असे मात्र समजू नये. २००५ मध्ये तीन निरनिराळ्या प्रयोगशाळांनी लँगरहान्स पेशी नसलेले उंदीर तयार केले. अशा उंदरांत बाधा मुळीच होणार नाही अशी पुष्कळांची अपेक्षा होती. एका प्रयोगात ती कमी झाली, दुसऱ्यात जशीच्या तशी राहिली, आणि तिसऱ्यात उलट वाढली. यावरून दोन गोष्टी दिसतात. अंतस्त्वचेतील भाईबंद पेशी हे काम एकट्यानेही पार पाडू शकतात. आणि लँगरहान्स पेशी काही प्रसंगी बाधेस आवरही घालीत असाव्यात. जागल्याची उपमा येथे थोडी अपुरी पडते, कारण हा जागल्या वर्दी देतो तसा कधी कधी परक्यास अभयही देतो.

मग दहा वर्षे का जातात ?

दहा-पंधरा दिवसांत हे सारे घडते, तर पहिल्या माणसाचे हात दहा वर्षे स्वच्छ कसे राहिले ? पार्थेनिन हे प्रयोगशाळेतील तीव्र रसायनांइतके झटपट बाधणारे नाही. गवताशी बहुतेक गाठी अशा होतात की द्रव्य थोडे, कातडी धड, आणि बिघाडाचा संदेश दुबळा. वर्दी जात नाही किंवा गेली तरी ग्रंथीत तिला दाद मिळत नाही. अशा शेकडो गाठींनंतर एक दिवस असा येतो की रस अधिक असतो, कातडी फुटलेली असते, आणि तराजू झुकतो. त्यासाठी काही महिने लागतील किंवा पुष्कळ वर्षे. आणि कित्येकांच्या बाबतीत तो दिवस कधीच येत नाही. प्रत्येकाची जडणघडण निराळी असते.

यात द्रव्याच्या एकूण वजनापेक्षा कातडीच्या एका चौरस सेंटिमीटरवर किती द्रव्य पडले याला अधिक महत्त्व आहे. तीव्र रसायनांच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले आहे. तेवढेच द्रव्य मोठ्या जागेवर पसरले तर कमी लोक बाधतात. थोड्या जागेवर एकवटले तर अधिक. नुसत्या मुठीने देठ धरून, पाने चुरडीत दिवसभर गवत उपटणे, म्हणजे द्रव्य थोड्या जागेवर एकवटण्याचीच रीत होय.

तेव्हा "दहा वर्षे काही झाले नाही" या वाक्याचा अर्थ एवढाच की तराजू अद्याप झुकला नाही, किंवा झुकून आठ दिवसही झाले नाहीत. या दोहोंत बाहेरून भेद करता येत नाही.

पुन्हा स्पर्श झाला म्हणजे

एकदा आठवण तयार झाली की पुढील स्पर्शाने इसब उठते, पण तेही तत्काळ नव्हे. जुन्या टी-पेशी जागेवर येऊन, संदेश सोडून, इतर पांढऱ्या पेशींस बोलावून दाह निर्माण करीपर्यंत २४ ते ७२ तास जातात. सोमवारी गवत उपटलेल्या माणसास बुधवारी खाज सुटते. मंगळवारी त्याने वांग्याचे भरीत खाल्लेले असते आणि दोष वांग्यावर येतो. कोणी नवे धोतर, कोणी विहिरीचे पाणी, तर कोणी बाहेरची बाधा असे सांगतो. कार्यकर्त्याने खाज कधी सुटली हे विचारून थांबू नये. त्याच्या अगोदरच्या दोन-तीन दिवसांत काय काम केले ते विचारावे.

आरंभी पापण्या, चेहरा, मानेची बाजू, कोपराचे व गुडघ्याचे लवणे यांवर लाली, सूज, पाण्याचे बारीक फोड व तीव्र खाज असते. पहिली काही वर्षे पावसाळा संपला की त्रास ओसरतो. पुढे तो बारमाही होतो, कातडी जाड, काळसर व सुरकुतलेली होते, आणि काहींना उन्हाचाही त्रास होऊ लागतो. शेवंती व शंकेश्वर यांत पार्थेनिनसारखीच द्रव्ये असल्याने बाधित माणसास त्यांचाही उपद्रव होण्याचा संभव असतो. शेवंतीचे पीक घेणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच आपत्ती आहे.

जाड झालेला चेहरा पाहून गावात भलताच संशय घेतला जातो व माणसास पंक्तीतून उठविण्यापर्यंत मजल जाते. हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाही. फोडातील पाणी दुसऱ्याच्या अंगास लागले तरीही लागत नाही, कारण ते रोग्याच्याच शरीरातील पाणी असते. कार्यकर्त्याने हे चारचौघांत सांगावे. रोग्याच्या घरी जाऊन एकट्यास सांगण्याचा तेवढा उपयोग होत नाही.

गावात करावयाची व्यवस्था

वरील विवेचनावरून कोणत्या उपायास किती किंमत द्यावी हे ठरविता येते. आठवण एकदा तयार झाली की ती पुसून टाकणारे औषध नाही. म्हणून सारा भर ती तयार न होण्यावर असला पाहिजे. गवत फुलावर येण्यापूर्वी, पावसाने जमीन मऊ असताना उपटावे. त्या वेळी ते मुळासकट येते, लव झडून उडत नाही आणि बीही पडत नाही. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकातोंडावर व मानेवर फडके हवे. हातमोजे आतून रसाने भिजले तर ते काढून टाकावेत, कारण असा मोजा रस कातडीवर दाबून धरतो व उघड्या हातापेक्षाही वाईट ठरतो. ज्यांच्या हातांवर ओरखडे, भेगा किंवा इसब असेल त्यांना त्या दिवशी दुसरे काम द्यावे. शाळकरी मुलांकडून हे काम करवून घेऊ नये.

काम होताच हात, मनगट, चेहरा व मान साबणाने धुवावी. द्रव्य प्रथिनास चिकटण्यापूर्वी धुतले तरच लाभ असतो. घरी जाऊन, जनावरे बांधून, मग स्नान करणे म्हणजे फार उशीर. पाण्याचा पिंप व साबण बांधावरच नेऊन ठेवावा. कामाचे कपडे इतर कपड्यांत मिसळू नयेत, नाही तर जी बाई ते धुणार तिच्या हातांवर हाच प्रयोग सुरू होतो. हे नेहमी विसरले जाते.

उपटलेले फुलाविरहित गवत खड्ड्यात घालून कंपोस्ट करता येते. वाळलेल्या गवताच्या पेंढ्या बांधणे, झोडपणे वा अंगणात रचणे टाळावे. ज्या पडीक जागी माणसे घालणे शक्य नाही तेथे टाकळ्याचे बी विस्कटून त्या झाडाकडून गाजर गवतास मागे सारता येते. मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बंगळुरू येथे सोडलेला पट्ट्यापट्ट्यांचा भुंगेराही पावसाळ्यात पाने खाऊन हे काम करतो. त्याच्याने सर्व गवत संपत नाही, परंतु जितके त्याने खाल्ले तितके कोणाच्या हातास लागत नाही.

बाधा झाल्याचा संशय आला तर स्वतः पान घासून परीक्षा पाहण्याचा मोह कोणासही होऊ देऊ नये. निरोगी माणसात अशा घासण्यानेच बाधा तयार होऊ शकते आणि बाधित माणसात इसब भडकते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर ठराविक मात्रेची पट्टी ४८ तास लावून ही परीक्षा करतात. योजाफ यादासोन यांनी १८९५ मध्ये दाखविलेल्या रीतीचेच ते सुधारलेले रूप आहे. दुकानातून मिळणारी खाजेची मिश्र मलमेही चेहऱ्यावर लावू नयेत. त्यांतील तीव्र औषधाने दोन दिवस बरे वाटते, पण ती सतत लावल्यास कातडी पातळ होते, आणि पातळ कातडीतून काय होते ते वर आलेच आहे. दाह आवरणारी औषधे आहेत, काही तर पुष्कळ गुणकारी आहेत. परंतु ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.

अशा रोग्यास दवाखान्यात पाठविताना कार्यकर्त्याने एका कागदावर तीन गोष्टी लिहून द्याव्यात : खाज प्रथम कोणत्या महिन्यात सुटली, त्याअगोदरच्या तीन दिवसांत कोणते काम केले, आणि गाव सोडून दुसरीकडे राहिल्यास त्रास कमी होतो काय. शेतात वा घराभोवती असलेल्या तणाची एक फांदी बंद पिशवीत घालून, पिशवी न उघडता, बरोबर द्यावी.